ढोरांचे हमखास पाणी

(इयत्ता ४ थी, परिसर अभ्यास)



आपण शाळेत येताना पाण्याची बाटली आणतो. तहान लागली की गुरुजींना बोट दाखवून बाहेर जातो आणि पाणी पितो. पण कोठ्यात बांधलेल्या गाईला तहान लागली तर ती काय करील? ती बोट दाखवू शकत नाही. ती दाव्याला बांधलेली असते. आपण पाणी दिले तर पिईल, नाही दिले तर तशीच उभी राहील. आमचे आबाजी म्हणतात, "पोरी, ढोराले बोलता येत नाही. त्याची तहान आपल्यालेच समजून घ्या लागते."

या लेखात मी ढोरांच्या पाण्याची माहिती लिहिली आहे. काही गुरुजींनी सांगितली, काही ढोरांच्या डॉक्टरांना विचारली आणि बाकीची आम्ही मुलांनी स्वतः मोजून काढली.

१. तांबीची गोष्ट

आमचे गाव नागपूर जिल्ह्यात, रामटेककडच्या धानाच्या भागात आहे. गावाला एक जुना तलाव आहे. त्याला मामा तलाव म्हणतात. मला आधी वाटायचे की हा कोणाच्या तरी मामाचा तलाव आहे! पण तसे नाही. मामा म्हणजे माजी मालगुजारी. पूर्वी गावाचा सारा गोळा करणारे मालगुजार असत. त्यांच्या काळात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि आपल्या नागपूर जिल्ह्याच्या पूर्व भागात असे पुष्कळ तलाव बांधले गेले. कोहळी समाजाचे लोक तलाव बांधण्यात फार हुशार होते. १९५०-५१ साली मालगुजारी बंद झाली आणि तलाव सरकारकडे आले, म्हणून 'माजी'.

पावसाळ्यात हा तलाव काठोकाठ भरतो. पण मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा तलाव आटून मधे थोडे डबके राहते. भोवताली गाळ असतो. वरून तो वाळलेला दिसतो, त्याला भेगा पडलेल्या असतात. पण खाली तो लोण्यासारखा मऊ असतो.

मागच्या वर्षी मे महिन्यात आमची तांबी त्या गाळात फसली. तांबी म्हणजे आमच्या कपिलेची कालवड. ती पहिल्यांदाच गाभण होती. दुपारी गायकी ढोरे घेऊन पाण्यावर गेला. तांबी तहानेने सगळ्यांच्या पुढे पळाली आणि पोटापर्यंत आत गेली. जितकी धडपड करी तितकी ती आणखी खाली जाई. गावातले लोक दोर आणि बांबू घेऊन धावले. दिवस मावळेपर्यंत तिला बाहेर काढले. पण तिच्या पायात उभे राहण्याची ताकद उरली नव्हती. बाबांनी डॉक्टर आणले, सलाईन लावली. आजी रात्रभर तिच्या अंगावर ओले पोते टाकत बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी तांबी गेली. आजी त्या दिवशी जेवली नाही.

मला एका गोष्टीचे फार वाईट वाटते. ज्या दिवशी तांबी पाण्यासाठी गाळात गेली, त्या दिवशी गावच्या विहिरीत दोन पुरुष पाणी होते. विहिरीपासून साठ पावलांवर आखरात ढोरांचे जुने टाकेही होते. पण टाके कोरडे होते, कारण त्याला तडा गेला होता. कोणी म्हणे हे बुजवतील, कोणी म्हणे ते बुजवतील. सगळ्यांचे काम ते कोणाचेच नाही, असे झाले होते.

म्हणजे गावात पाणी होते. ते ढोरांच्या तोंडापर्यंत पोचत नव्हते.

२. ढोराला पाणी किती लागते?

शाळा सुरू झाल्यावर मी तांबीची गोष्ट वर्गात सांगितली. गुरुजी म्हणाले, "आपण नुसते वाईट वाटून घेण्यापेक्षा हिशेब करू. ढोराला किती पाणी लागते, सांगा बरं." कोणी म्हणाले एक बादली. कोणी म्हणाले दोन. कोणालाच नक्की माहीत नव्हते. मग गुरुजींनी आम्हाला मोजायला लावले.

आमच्या घरची बादली १५ लिटरची आहे. डिसेंबर महिन्यात मी तीन दिवस कपिलेच्या बादल्या मोजल्या. ती रोज दोन बादल्या म्हणजे ३० लिटर पाणी पीत होती. मग आम्ही ढोरांच्या डॉक्टरांना विचारले. ते नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले आहेत. हे महाविद्यालय १९५८ साली सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, "हे थंडीचे झाले. उन्हाळ्यात ह्याच गाईला ५० ते ६० लिटर लागेल. दुधाची म्हैस असेल तर आणखी जास्त."

असे का? त्याची कारणे त्यांनी सांगितली ती अशी:

(अ) दुधात बहुतेक पाणीच असते. १०० भाग दुधात सुमारे ८७ भाग पाणी असते. एक लिटर दूध तयार करायला गाईला साधारण तीन ते चार लिटर जास्त पाणी प्यावे लागते. पाणी कमी पडले की दूध लगेच कमी होते.

(आ) आपल्याकडे ढोरे तणीस आणि कडबा खातात. हा चारा कोरडा असतो. हिरव्या चाऱ्यात पाणी असते, तणसात नसते. म्हणून कोरडा चारा खाणाऱ्या ढोराला जास्त पाणी लागते. पाणी नसेल तर ते चाराही खात नाही.

(इ) उन्हात अंग थंड ठेवायला पाणी लागते. म्हशीची कातडी काळी असते आणि तिला घाम फार कमी येतो. म्हणून ती डबक्यात जाऊन बसते. ती आळशी असते म्हणून नाही!

(ई) नांगर ओढणाऱ्या बैलाला बसलेल्या बैलापेक्षा जास्त पाणी लागते. आपण खेळून आल्यावर जास्त पाणी पितो, तसेच.

३. आमच्या मोहल्ल्याचा हिशेब

मग आम्ही चौथीच्या मुलांनी खालच्या मोहल्ल्यातली ढोरे मोजली. दोघांचे दोघांचे गट केले. एकाने मोजायचे, दुसऱ्याने वहीत लिहायचे. मी आणि माझी मैत्रीण बकऱ्या मोजायला गेलो. त्या एका जागी उभ्याच राहत नव्हत्या, म्हणून तीनदा मोजाव्या लागल्या. उन्हाळ्याचे पाणी धरून हिशेब असा झाला:

गाई ३२, प्रत्येकी ५० लिटर: १,६०० लिटर
बैल १८, प्रत्येकी ५० लिटर: ९०० लिटर
म्हशी ९, प्रत्येकी ७० लिटर: ६३० लिटर
वासरे १४, प्रत्येकी १५ लिटर: २१० लिटर
बकऱ्या ६०, प्रत्येकी ६ लिटर: ३६० लिटर
एकूण: ३,७०० लिटर

रोज तीन हजार सातशे लिटर! आम्ही पुन्हा बेरीज केली. उत्तर तेच आले.

आता हे पाणी आणायचे कोणी? मोहल्ल्यात एक हापशी आहे. आमची १५ लिटरची बादली भरायला ५० वेळा हापसावे लागते. ३,७०० लिटर म्हणजे २४७ बादल्या. २४७ गुणिले ५० म्हणजे १२,३५० वेळा हापसावे लागेल. तेही रोज. हा गुणाकार फळ्यावर लिहिला तेव्हा सगळा वर्ग हसला. मी हसले नाही. कारण आमच्या घरी दोन गाई, दोन बैल आणि एक वासरू आहे. त्यांना २१५ लिटर म्हणजे पंधरा बादल्या पाणी लागते. उन्हाळ्यात ते आई आणि मी आणायचो. आईच्या डोक्यावर गुंड आणि माझ्या हातात बादली. सकाळच्या शाळेला मला उशीर व्हायचा. आई म्हणायची, "जाय तू शाळेत, बाकीचं मी पाहून घेतो." पण आईला एकटीला टाकून जावेसे वाटत नसे.

४. हापशीची थोडी माहिती

हापशीला नाव ठेवू नये, कारण तिने दुष्काळात खूप लोकांना जगवले आहे. तिचा आपल्या महाराष्ट्राशी संबंध आहे हे मला गुरुजींनी सांगितले. पूर्वीचे बिडाचे हातपंप लवकर मोडत. तेव्हा आपल्या जालन्याला एक मजबूत पंप तयार झाला. त्याला जालना पंप म्हणत. नंतर सोलापूरला त्यापेक्षा सुधारलेला सोलापूर पंप झाला. त्यावरूनच पुढे १९७० नंतरच्या वर्षांत युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क २' हा पंप तयार झाला. तो भारतभर बसवला आणि परदेशातही गेला. १९७२ च्या दुष्काळानंतर खेडोपाडी बोअर खोदून हापश्या बसवल्या गेल्या.

पण हापशी माणसांच्या पिण्याच्या पाण्यासाठी ठीक आहे. साठ बकऱ्या आणि त्र्याहत्तर मोठी-लहान ढोरे एकदम आली तर तिला झेपत नाही. मात्र हापशीखाली सांडणारे पाणी वाया जाते, ते नालीने एका लहान टाक्यात नेले तर बकऱ्यांना आणि पाखरांना कामी येते.

५. तलावाचे पाणी चालणार नाही का?

हा प्रश्न आमच्या वर्गातल्या एका मुलाने विचारला. पावसाळ्यात व हिवाळ्यात तलावाचे पाणी भरपूर असते. तरी ढोरांना रोज तलावात उतरवणे चांगले नाही. त्याची कारणे:

(अ) ढोरे पाण्यात उभी राहून पाणी पितात आणि तिथेच शेण-मूत करतात. मग तेच पाणी पितात.

(आ) तलावात लहान शंखाच्या गोगलगायी असतात. त्यांच्या अंगात एका जंताची पिले वाढतात. ती बाहेर येऊन काठच्या गवताला चिकटतात. ढोराने ते गवत किंवा पाणी घेतले की जंत त्याच्या यकृतात जातात. हे जंत पानासारखे चपटे असतात. ढोर वाळत जाते आणि त्याच्या जबड्याखाली सूज येते. आबाजींनी अशी ढोरे पाहिली आहेत, पण त्याचे कारण गोगलगाय आहे हे त्यांना माहीत नव्हते. ते मी त्यांना सांगितले!

(इ) उन्हाळ्यात गाळ होतो. त्यात काय होते ते मी वर लिहिले आहे.

पेंच नदीवर तोतलाडोहचे मोठे धरण आहे. त्याचे पाणी कालव्याने आपल्या भागात येते. पण कालवा पाळीपाळीने सुटतो. आज पाणी आहे, उद्या नाही. धानाला पाळी चालते, गाईला चालत नाही. तिला रोज पाहिजे.

६. हमखास पाण्याच्या चार गोष्टी

गुरुजींनी फळ्यावर चार शब्द लिहिले: झरा, साठा, वाट आणि माणूस. या चारांपैकी एक जरी नसला तर पाणी हमखास राहत नाही.

झरा म्हणजे पाणी जिथून येते ती जागा. आमची विहीर मे महिन्यातही आटत नाही. म्हणून झरा आहे.

साठा म्हणजे साठवलेले पाणी. विहिरीवर मोटारपंप आहे, पण लाइन कधी दिवसा येते, कधी रात्री येते. कधी वादळात तार तुटते. लाइन नाही म्हणून गाय थांबत नाही. म्हणून कमीत कमी एक दिवसाचे पाणी साठवलेले पाहिजे.

वाट म्हणजे पाणी विहिरीपासून ढोरापर्यंत जाण्याची सोय. पाणी उंचावरून खाली आपोआप जाते. म्हणून टाकी उंच ओट्यावर ठेवली की खालच्या टाक्यात मोटारीशिवाय पाणी येते.

माणूस म्हणजे ज्याने रोज पाहायचे तो. आमच्या जुन्या टाक्याला झरा जवळ होता, पण माणूस नव्हता.

आबाजी सांगतात की त्यांच्या लहानपणी हे टाके मोटेने भरत. बैल मोट ओढत आणि पाणी पाटाने टाक्यात जाई. म्हणजे बैल स्वतःचे पाणी स्वतः काढत होते! पश्चिम महाराष्ट्रात विहिरीजवळच्या अशा टाक्याला हाळ म्हणतात. राजस्थानात त्याला खेळी म्हणतात. नावे वेगळी, पण काम एकच. सरकारच्या जुन्या पाणी योजनांतही वाळवंटी भागासाठी माणशी ४० लिटर पाणी धरत आणि त्याशिवाय ढोरांसाठी ३० लिटर जास्त धरत. जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झाले. त्यात माणशी ५५ लिटर धरले आहे. ते माणसांसाठी आहे. ढोरांचा हिशेब गावाने आपला आपण करावा लागतो.

७. ग्रामसभेत काय झाले

२६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर ग्रामसभा होती. गुरुजींनी आम्हाला हिशेबाचा तक्ता घेऊन नेले. वाचायला मला उभे केले. माझे पाय कापत होते. मी ढोरांची संख्या वाचली, मग ३,७०० लिटर वाचले, मग १२,३५० वेळा हापसणे वाचले. तेव्हा लोक हसले. नंतर मी शेवटची ओळ वाचली, "टाक्याला तडा आहे. विहिरीत पाणी आहे." मग कोणी हसले नाही. गायकी मागे बसला होता. तो उठून म्हणाला, "मी ढोरं चारतो, पण पाणी कुठून आणू? माह्या खिशात थोडीच हाये?"

त्या दिवशी ठराव झाला की जुने टाके दुरुस्त करायचे आणि वर एक टाकी बसवायची. सिमेंट आणि टाकी पंचायतीने द्यायची, खोदकाम मोहल्ल्याने करायचे. बाबांनी आणि शेजारच्या काकांनी नाली खोदली. आम्ही मुलांनी गिट्टी वेचली.

८. टाके कसे केले

हे नीट वाचा, कारण दुसऱ्या गावच्या मुलांनाही उपयोगी पडेल.

(१) जागा: टाके आखरात आहे, कारण सकाळ-संध्याकाळ ढोरे तिथेच जमतात. ते विहिरीपासून साठ पावले दूर आणि उताराकडे आहे. विहिरीला चिकटून टाके बांधू नये. शेणाचे पाणी मुरून विहिरीत जाते. जुन्या लोकांना हे माहीत होते.

(२) माप: टाके १६ फूट लांब, ४ फूट रुंद आणि २ फूट खोल आहे. वरून अर्धा फूट रिकामे ठेवून दीड फूट भरतात. १६ गुणिले ४ गुणिले दीड म्हणजे ९६ घनफूट. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते. म्हणून ९६ गुणिले २८ म्हणजे २,६८८ लिटर. एका ढोराला उभे राहायला दोन फूट जागा धरली तर दोन्ही बाजूंनी मिळून १६ ढोरे एकदम पितात. संध्याकाळी सगळा कळप एकदम येतो. नळीतून पाणी हळू येते आणि गाय एका मिनिटात बादलीभर पाणी ओढते. म्हणून टाक्यात आधीच साठा पाहिजे.

(३) तडा: मिस्त्रीने तडा छिन्नीने रुंद केला, धुतला आणि मग सिमेंट भरले. नुसते वरून लिंपले तर ते पुन्हा सुटते. त्यावर सात दिवस पाणी मारले. आतून चुना लावला. चुन्याने शेवाळ लवकर धरत नाही.

(४) टाकी: विहिरीजवळ सहा फूट उंच ओटा बांधून ५,००० लिटरची काळी टाकी ठेवली. लाइन आली की ती भरते. ती एका दिवसापेक्षा थोडी जास्त पुरते.

(५) नळी: टाकीपासून टाक्यापर्यंतची नळी दोन फूट खोल पुरली. वर उघडी ठेवली तर उन्हाने पाणी चहासारखे तापते आणि नळी वाकते. तापलेले पाणी ढोर कमी पिते.

(६) बॉलकॉक: नळीच्या तोंडाशी बॉलकॉक आहे. त्याला एक पोकळ गोळा असतो. टाक्यात पाणी वाढले की गोळा तरंगत वर जातो आणि नळ बंद होतो. ढोरांनी पाणी पिले की गोळा खाली येतो आणि नळ सुरू होतो. कोणी चालू-बंद करायची गरज नाही. पाणी वाया जात नाही.

(७) बकऱ्यांची पायरी: टाक्याची भिंत दोन फूट उंच आहे. गाई-बैलांना ती बरोबर आहे, पण बकऱ्यांची आणि वासरांची तोंडे पोचत नव्हती. म्हणून एका टोकाला दगडाची पायरी केली.

(८) फरशी आणि नाली: टाक्याभोवती खडबडीत फरशी केली. गुळगुळीत केली तर ढोर घसरते. सांडलेले पाणी नालीने लिंबाच्या झाडाला जाते. चिखल झाला तर डास होतात आणि खुरे सडतात.

(९) बूच: टाक्याच्या तळाला बूच आहे. ते काढले की सगळे घाण पाणी निघून जाते. बूच नसेल तर टाके धुणे फार कठीण जाते.

९. आमच्या चुका

पहिल्याच आठवड्यात एका म्हशीने बॉलकॉकला अंग घासले आणि त्याची दांडी मोडली. रात्रभर पाणी वाहिले. सकाळी टाकी रिकामी! लाइनही नव्हती. त्या दिवशी पुन्हा बादल्या आणाव्या लागल्या. मग मिस्त्रीने बॉलकॉकवर फरशीची पेटी केली. आता म्हैस कितीही घासली तरी काही होत नाही.

दुसरी चूक आमच्या हिशेबाची. एप्रिलमध्ये मी कपिलेच्या बादल्या पुन्हा मोजल्या. चार बादल्या झाल्या, म्हणजे ६० लिटर. आम्ही ५० धरले होते! सगळ्यांनाच तेवढे वाढवून धरले तर ३,७०० चे ४,४४० लिटर होतात. तरी ५,००० ची टाकी पुरते. गुरुजी म्हणाले, "म्हणून हिशेब थोडा मोठाच धरावा."

१०. धुण्याची पाळी

टाके दर रविवारी धुतात. बूच काढायचे, खराट्याने घासायचे, पुन्हा भरायचे. दर पंधरा दिवसांनी चुना लावून वाळू द्यायचा. प्रत्येक घराची पाळी लिहून फळी विहिरीजवळ लावली आहे. फळीवरची अक्षरे माझी आहेत. एका रविवारी ज्यांची पाळी होती ते लग्नाला गेले. पाण्याला वास आला आणि कपिलेने नुसते तोंड लावून सोडून दिले. तेव्हा आजीने स्वतः खराटा घेतला. ती म्हणाली, "आपण पिऊ असं पाणी असलं तरच ढोराले द्या."

११. शेवटी

२०१६ साली लातूरला एवढा दुष्काळ पडला की मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर पाणी होते. आम्ही भागाकार केला. तेवढ्या पाण्यात आमच्या मोहल्ल्याच्या ढोरांचे १३५ दिवस निघाले असते. यावरून पाण्याची किंमत कळते.

आता मी सकाळी वेळेवर शाळेत येते. आई त्या वेळात धान पाखडते. संध्याकाळी ढोरे आखरात आली की टाक्याभोवती उभी राहतात आणि सगळ्यांच्या पिण्याचा एकदम आवाज येतो. तो मला फार आवडतो. यंदा मे महिन्यात गायकी ढोरांना तलावाकडे नेणार नाही. कपिला पुन्हा गाभण आहे. कालवड झाली तर तिचे नाव तांबीच ठेवायचे, असे आजीने ठरवले आहे.

आपण पोळ्याला बैलांना ओवाळतो, पुरणपोळी देतो. तान्ह्या पोळ्याला लाकडाचा बैल सजवतो. पण पोळा वर्षातून एकदा येतो आणि तहान रोज लागते.

करून पाहा:

(१) तुमच्या घरची बादली किती लिटरची आहे ते एक लिटरच्या मापाने मोजा.
(२) तुमच्या घरच्या ढोराने एका दिवसात किती बादल्या पाणी प्याले ते तीन दिवस लिहा.
(३) तुमच्या मोहल्ल्याच्या ढोरांना रोज किती लिटर पाणी लागेल? बेरीज दोनदा करा.
(४) तुमच्या गावात जुने टाके आहे का? त्यात आज पाणी आहे का? नसेल तर का नाही, ते मोठ्यांना विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारा.